विहिरीतला बाक

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून दवाखान्यात बसलेल्या मास्तरांना समोरचं काही धड दिसत नव्हतं. शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. विषय प्रोग्रामिंगचा निघाला आणि मास्तरांचे कान टवकारले, कारण ते तेच शिकवायचे.

"मावशी, सर म्हणतात, आधी पुस्तक पुरं करा, खेळबिळ नंतर. मला नाही जमत. सोडूनच देते."

"मी तर माझा ऑनलाइन खेळ चालवता चालवताच शिकले गं."

"त्यात चित्रंसुद्धा नाहीत ना?"

"नुसता मजकूर. लोक आपापल्या घरून 'खाली जा' असं टाइप करतात, की पुढच्या जागेचं वर्णन येतं. त्यात मी हौसेनं एक विहीर केली आणि वर यायची वाटच लिहायला विसरले."

"अगं बाई! मग?"

"सात जण अडकले. मी तशीच पुस्तक उघडून बसले."

"शिव्या घातल्या असतील."

"छे! म्हणाले, 'सावकाश करा ताई, आम्ही गप्पा मारतोय.' दोन तास धडपडून शिडी केली. इतकं जीव तोडून पुस्तक कधी वाचलं नव्हतं."

"आले वर?"

"आले. शेवटचा जाता जाता म्हणाला, 'ताई, खाली एक बाक ठेवा. पुढच्याला बरं पडेल.'"

"ठेवलास?"

"ठेवला तर! अजून काही अडलं, की आधी तिथं जाऊन बसते."

तेवढ्यात नर्स येऊन म्हणाली, "मास्तर, अजून थोडा वेळ लागेल हं."

"सावकाश करा, ताई," मास्तर म्हणाले. "मी बसलोय."