माधवीच्या नावानं मी मागितलं

नमस्कार. बसा, बसा. मागे खुर्च्या आहेत अजून.

माधवीच्या शोकसभेला आपण सगळे आलात. धारहून माझे सासरे नाना आले, या वयात, एवढ्या उन्हात. मांडूहून, नालछ्याहून, खातेगांवहून माधवीचे विद्यार्थी आलेत. यातल्या बऱ्याच जणांचे आवाज मी घरात ऐकले होते, चेहरे आज पाहतोय. त्यांना मराठी जरा कमी समजते, म्हणून मी मध्येच हिंदीत गेलो तर ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं.

मला बोलता येत नाही. घरात बोलायचं काम माधवीचं होतं. मी कारखान्याच्या स्टोअरमधला माणूस, माल आला, माल गेला, एवढंच बोलणं. आज बोलायचं नाही असंच ठरवलं होतं. पण मंडळी, आत्ता माझ्याआधी आपल्या समाजातल्या दोघांनी सांगितलं की माधवीनं आजारपणातसुद्धा न संकोचता, हिमतीनं लोकांकडे मदत मागितली. ते चांगल्या मनानं बोलले. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो. कारण ते खरं नाही.

माधवीनं ती मदत मागितली नाही. मी मागितली. तिच्या नावानं.

हे नीट कळायला आधी ती काय करत होती ते सांगावं लागेल. समाजातल्या पुष्कळ लोकांना वाटतं, ती कॉम्प्युटर शिकवायची. ती खेळ कसे तयार करायचे ते शिकवायची. गेम डिझाइन. आधी ती इंदूरला एका कंपनीत मोबाइलचे गेम करायची. पगार चांगला होता. एक दिवस घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "मला आज सांगितलं, खेळणारं पोर कंटाळून उठायच्या आत त्याचा खेळ मध्येच अडवा आणि आईबापाच्या फोनमधून पैसे भरायला लावा. मी दिवसभर बसून तेच केलं. चांगलं जमलं मला." आणि ताट बाजूला सारून उठली. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली.

मग घराच्या पुढच्या खोलीत तिनं कॅमेरा लावला. पहिल्या धड्यात कॉम्प्युटर नव्हताच. जमिनीवर खडूनं अष्टा-चंगाचा पट काढला, चिंचोके घेतले आणि म्हणाली, "यातला एकच नियम बदला, खेळून बघा, आणि काय बिघडलं ते मला कळवा." लोकांनी कळवलं. कुठून कुठून कळवलं. तिला फार आनंद झाला होता.

शिकवणं फुकट. सगळं फुकट. धड्याच्या शेवटी ती एवढंच म्हणायची, उपयोग झाला असेल आणि खिशाला जड होत नसेल तर थोडी मदत करा, नाहीतर पुढचा धडा तितकाच तुमचा आहे. जे बघायचे, त्यांच्यातलेच काही जण द्यायचे. त्यावर ते सगळं चालायचं. देणाऱ्याला वेगळा धडा नाही, देणाऱ्याचं नाव वाचून दाखवणं नाही. मी एकदा म्हटलं, नावं वाचलीस तर लोक जास्त देतील. म्हणाली, "आणि ज्याला देता येत नाही, तो काय करेल? तो बघणं बंद करेल."

नाना, तुम्हाला हे मागणं आवडलं नव्हतं. आपल्या घरातल्या मुलीनं चारचौघांत मागावं, हे तुम्हाला लागलं होतं. मला आठवतं, ती फोनवर तुम्हाला म्हणाली होती, "नाना, फी घेतली असती तर चाललं असतं ना? मग फी न घेता मागितलं, तर काय बिघडलं?" तुम्ही फोन ठेवला होतात. पण ती ते एक वाक्य म्हणायलासुद्धा किती अडखळायची, ते तुम्ही पाहिलं नाहीत. मी पाहिलंय. अख्खा धडा एका दमात व्हायचा. ते वाक्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागायचं. कपाळाला घाम यायचा तिच्या. शिकवण्यासाठी मागतानाही जिला घाम येतो, ती स्वतःसाठी मागेल का?

रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार इंदूरला. आमच्याकडचं होतं ते संपत आलं. एका दुपारी तिला आत सलाइन लावलं होतं आणि तिचा फोन माझ्या हातात होता. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की पुढचं औषध सुरू करायचं तर लवकर ठरवा. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि लिहिलं. मी माधवी, मी आजारी आहे, आपला विनम्र सहयोग अपेक्षित आहे. खाली तिचं नाव टाकलं. आणि तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवून दिलं.

तुम्ही सगळ्यांनी दिलंत. मला वाटलं नव्हतं इतक्यांनी दिलंत. औषध सुरू झालं. तिला मी सांगितलं, कारखान्यातून उचल मिळाली.

पुढे ती जरा बरी होऊन घरी आली. खातेगांवचे मास्तर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही फोन केला होतात. शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे खेळ करायला तुम्ही तिच्याकडून शिकलात. फोन स्पीकरवर होता. तुम्ही म्हणालात, "ताई, आपने पहली बार अपने लिए कुछ माँगा. हमको अच्छा लगा."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मग ती तुम्हाला म्हणाली, "हाँ भिया. बहुत धन्यवाद."

मास्तर, ती तुमच्याशी खोटं बोलली. ज्या बाईनं पोरांना फसवायला नको म्हणून नोकरी सोडली, ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला वाचवायला. माझ्या लाजेत सगळ्यात वर हे आहे. मागितल्याची लाज नंतर येते.

तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या तोंडून मागितलंत. तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

मी म्हटलं, माझ्या नावानं कोणी दिलं असतं?

म्हणाली, "एकदा मागून तर बघायचं होतं."

तिनं मला सांगितलं, सगळ्यांना खरं काय ते लिहा. मी म्हटलं, तू आधी बरी हो, मग लिहितो. थोड्या दिवसांनी पुन्हा म्हणाली, लिहिलंत का? मी म्हटलं, लिहितो. त्यानंतर तिनं विचारलं नाही. मला बरं वाटलं की विचारत नाही. हे बोलायलाही कसंसं होतं, पण बरं वाटलं होतं. वाटलं, विसरली. ती विसरली नव्हती. आवाज बसला होता, तरी एका धड्याच्या तयारीला लागली होती, आणि एक दिवस मला म्हणाली, तुमचं झालं की मी कॅमेऱ्यासमोर बसते, त्याआधी मला त्यांच्यासमोर बसवत नाही. मंडळी, तो धडा झाला नाही. माझ्यामुळे झाला नाही. माझं लिहून झालं असतं तर तेवढा एक धडा तरी तिनं शिकवला असता.

मी तेव्हा मागितलं नसतं, तर? मी रोज विचारतो स्वतःला. आणि खरं सांगतो, उद्या पुन्हा तोच बाक असेल, ती आत असेल, तर मी पुन्हा मागेन. फक्त माझ्या नावानं मागेन. पश्चात्ताप कशाचा करायचा आणि कशाचा नाही, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

काल मांडूची शबनम घरी आली होती. तिचे वडील पर्यटकांना महाल दाखवतात, आणि ती स्वतः तिथल्या वाटांवरून खेळ बनवते. सभेच्या तयारीला म्हणून आली होती. मला वाटलं, एकाला तरी आधी सांगून बघावं, तोंडातून निघतं का. मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "सर, वो तो हमको उसी दिन पता चल गया था. ताई ने 'विनम्र सहयोग' कब लिखा था?"

मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं?

"मास्टरजी को छोड़ के लगभग सबको. ग्रुप में बात भी हुई थी."

मग दिलंत कशाला?

ती म्हणाली, "लगा कि सर को माँगना नहीं आता."

या पोरीनं माझ्यावर उपकार केले असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही सगळे ओळखून होतात, आणि तरी दिलंत, आणि कोणी मला तसं जाणवू दिलं नाही. आणि मी तिच्यापाशी नुसतं म्हणत राहिलो, लिहितो, लिहितो.

आज सकाळी मी नानांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, सभेत बोला. आणि आडून नका बोलू."

म्हणून हे बोललो. मास्तर, आपसे माफ़ी माँगता हूँ. बाकीच्यांचीही. उपचारातून जे उरलंय ते मी ठेवणार नाही. ज्याला परत हवं त्यानं सांगावं, संकोच करू नये. बाकीचं धड्यांच्या कामाला जाईल. तिचे सगळे धडे आहेत तिथेच राहतील, फुकट राहतील. पुढच्या रविवारपासून शबनम आणि नालछ्याची मुलं पुढच्या खोलीतून शिकवायला सुरुवात करतील. मला काही शिकवता येत नाही. पण धड्याच्या शेवटी कोणालातरी मागावं लागतं. ते मी मागेन. माझा चेहरा दाखवून, माझं नाव सांगून. लाज वाटेल. वाटू दे.

आता माझं झालं. ज्यांना उभं राहणं जमतंय त्यांनी उभं राहावं, नाना, तुम्ही बसूनच राहा. थोडा वेळ आपण कोणी काही बोलू नये. माधवी, तुला माझा नमस्कार.