हवालदारांच्या पँटची उंची

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी शिंप्याची बायको आणि तिची नणंद बसल्या होत्या. बायकोच्या मांडीवर पोलीस चौकीने घरोघर वाटलेला कागद होता. आपल्या हवालदारांचा चांगला अनुभव लिहा, आम्ही तो फलकावर लावू, असं त्यावर छापलं होतं.

“लिही की, वहिनी. दादा घरची वाट विसरला, तेव्हा तीनदा त्यांनीच आणून सोडलं.”

“हळू बोल गं. हे फलकावर लागलं तर उद्या ह्यांच्याकडे कपडे शिवायला कोण टाकेल? कात्री अजून सरळ चालते ह्यांची.”

“हवालदारांना तर सगळं ठाऊक आहे.”

“म्हणून तर हात धरून आणत नाहीत. शेजारून चालतात आणि पँटची उंची किती ठेवायची, असं मोठ्यानं विचारत येतात. बघणाऱ्याला वाटावं, गिऱ्हाईक आहे.”

“अगं, मग हेच लिही ना!”

“त्यांनी एवढं झाकलं, ते मी चव्हाट्यावर मांडू?”

“मग काय, कोरा कागद देणार?”

“कोरा कशाला? पेन दे.”

तिने सावकाश लिहिलं. नणंदेने वाचलं.

“‘हवालदारसाहेब पँट आमच्याच दुकानात शिवून घेतात. माप द्यायला स्वतः येतात.’ एवढंच?”

“एवढंच. त्यांना कळेल.”