खिशातली अक्षरं

— तिथं नाही सापडायचं. झाकण लावा, आत धूळ जाते. खाच रिकामी आहे हे मलाही दिसतं, डोळे शाबूत आहेत माझे. पडद्यावर काय आलंय, फाँट नाही म्हणून? मी पाचवी शिकलेला माणूस, मला तुमचं ते वाचता येत नाही. पण लेबलावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले की काय झालं ते कळतं. या यंत्राची हिंदी अक्षरं एका पट्टीत असतात — बोटाएवढी, काळी — ती खाचेत बसवली की बियाण्याच्या पोत्यांची लेबलं छापतात, काढली की चौकोन. उंदरांनी नेली असेल. गोदामात मटारचं बियाणं आहे, उंदीर असायचेच. हसू नका, बाई. बसा त्या स्टुलावर. पुण्याच्या हेडऑफिसनं तुम्हाला इतक्या लांब धाडलं, चहा तरी घ्या.

तुम्ही मराठी बोलता म्हणून एवढं बोलतोय. इथं सगळे दादाजी, दादाजी. मराठी काय ती घरी, बायकोशी, आणि रुक्मिणी आजकाल फार बोलत नाही. आम्ही मूळ गुरसरायचे, चार पिढ्या तिथं काढल्या, कुणापुढं वाकलो नाही. इथं पोती शिवायला लागलो. यंत्र आलं तेव्हा कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवत होता, बाकीचे चहा पीत होते, मी बघत होतो. तेव्हापासून यंत्र माझ्याकडे. रोज सकाळी त्याला उदबत्ती लावतो. सगळ्यांनी बाहेर जायचं, दार बंद. लोक म्हणतात, दादाजींच्या हातची पूजा झाल्याशिवाय मशीन चालत नाही. जुने मॅनेजरसुद्धा मानायचे, दाराबाहेर चपला काढून उभे राहायचे. पाच मिनिटं लागतात. उदबत्तीला नाही लागत पाच मिनिटं — काय बघताय? खिशात चष्म्याचं घर आहे. चष्मा? चष्मा नाकावर आहे, बरोबर आहे तुमचं.

आता बघितलंतच तर ऐका, आणि चोरी म्हणू नका. मला साठ वर्षं झाली त्या दिवशी कंपनीवाल्यांनी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि म्हणाले, बाबूजी, कल से आराम कीजिए. शेजारच्या माणसाला लकवा झाला तेव्हा डॉक्टर त्यालाही हेच म्हणाले होते. मी हार काढून ठेवला, पट्टी काढली, खिशात घातली, घरी गेलो. तिसऱ्या दिवशी मला न्यायला सीपरी बाजारात जीप आली. आमच्या गल्लीत शिरेना, तर मॅनेजर उतरून चालत आले, सगळ्या दुकानदारांनी बघितलं. तेव्हापासून सकाळी बसवायची, संध्याकाळी काढायची. अकरा वर्षं झाली. सुट्टी? सुट्टी कशी घेणार — मी नसलो की चौकोन. माझे थोरले भाऊ, भाऊसाहेब, गुरसरायला वारले तेव्हा पेरण्या तोंडावर होत्या. गुरसराय काही लांब नाही, सकाळच्या बसनं दुपारी पोचतो माणूस. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, रविवारी गोदाम बंद होतं तेव्हा, अस्थी गोळा करायला. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. चार शब्द सुनवायला हवे होते. मुलगी कल्याणी नागपूरला असते, तिचं घर अजून बघितलं नाही.

पट्टी आत ठेवून जायचं होतं, म्हणता? ते मला सुचलं नसेल? एक दिवस ठेवून गेलो असतो तर एक दिवस माझ्यावाचून चाललं असतं. मग दुसऱ्या दिवशी मला कोण विचारणार होतं? परवा पहिल्यांदा आलो नाही. रुक्मिणीचा एक डोळा गेला आहे, दुसऱ्याचा पडदा सुटत चाललाय, तिला इथल्या डॉक्टरकडे नेलं होतं. दुपारी घरी आलो आणि दारासमोरच्या ओट्यावर बसलो. जीप येईल म्हणून. कालही बसलो. हे नवे मॅनेजर, भूषणजी — त्यांनी जीप नाही पाठवली, पुण्याला फोन केला. आज दुपारी मी आपल्या पायांनी आलो, तर यंत्र उघडून तुम्ही पुढ्यात. बाहेर सहा ट्रक उभे आहेत. त्यातला एक टहरौलीचा आहे, तिकडं लोक जमिनीची ओल जायच्या आत बियाणं मिळावं म्हणून ताटकळलेत.

आणि आज पाचची गाडी आहे. नागपूरला उद्या दुपारी रुक्मिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. दोघांची तिकिटं काढलीत कल्याणीनं. ऑपरेशननंतर पंधरा दिवस तिला पालथं पडून राहायचंय, मान वर करायची नाही, कुणीतरी भरवायचं, कुणीतरी धरून न्यायचं. मुलगी नोकरीला जाते. मीच हवा ना. कळतं मला. रात्रीच गाठोडं बांधून ठेवलंय रुक्मिणीनं. पण पंधरा दिवस मी इथून हललो तर —

काय म्हणालात? पट्टी नसली तरी चालतं? अक्षरं तुमच्या कंप्यूटरात आहेत आणि तारेतून यंत्रात घालता येतात. कायमची. किती वेळ लागतो? — चार मिनिटं. म्हणजे हे आधीही झालं असतं, कुणी तुम्हाला फोन केला असता तर. नको, वर्षं सांगू नका.

हे बघा, एक करा. ही घ्या पट्टी, खरीखुरी आहे, बघा, कडेला माझ्या बोटांनी गुळगुळीत झालीय. मी ती बसवतो. तुम्ही बाहेर सांगा, दादाजींनी दुरुस्त केलं. पंधरा दिवस आत राहू दे, मी आलो की — आलो की काढीन. पुन्हा आपलं पहिल्यासारखं. भीक नाही मागत, तुम्हाला रस्ता दाखवतोय. तुमचं काय जातंय त्यात? ती तार कुठं जोडताय? मी बोलतोय ना अजून. थांबा जरा, बाई. थांब, पोरी —

छापतंय.

द्या इकडं. मटार. अंकुरण. लॉट नंबर. हं. अक्षर तेच आहे.

तीन वाजले, दिसतं मला. गाडीतून स्टेशनवर सोडता? नको. रिबिन बदलल्यावर पहिली पाच लेबलं फाडून टाकायची असतात, शाई फिकी येते, आठ दिवसांत पोत्यावरचं वाचता येत नाही. हे तुमच्या कंप्यूटरात लिहिलंय? नाही ना. मग? सहा ट्रक आहेत. कुणीतरी उभं राहायला हवं इथं. रुक्मिणीला शेजारचे बसवून देतील गाडीत. उतरवून घ्यायला कल्याणी आहे.

असं बघू नका माझ्याकडं. स्टूल होतं तिथं ठेवा आणि जा. मला काम आहे.