आमचं जांभूळ आणि कोरा कागद

झाडं वाचवायचा विषय निघालाच आहे तर ऐका. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतलं जांभूळ माझ्या पोस्टरने वाचवलं, आणि त्याआधी जवळजवळ घालवलं होतं तेही त्यानेच. ऐंशीच्या दशकात घरोघरी स्कूटर आल्या, तेव्हा सेक्रेटरी परबांनी पार्किंगसाठी झाड तोडायचा ठराव मांडला. मी लगेच पोस्टर करायला बसलो. जाहिरातींची चित्रं काढणारा माझा दोस्त मंग्या म्हणाला, "गर्दी नको करू रे. एक छोटं झाड काढ आणि बाकीचा कागद कोरा सोड. बघणाऱ्याला त्या झाडाचं एकटेपण टोचलं पाहिजे ना."

सभेत पोस्टर लावलं, तर परब खूश. कोऱ्या भागावर हात फिरवत म्हणाले, "बघा, झाड गेलं की आपलं कंपाउंड असं मोकळं होणार. यांनी छान काढून दाखवलंय."

माना डोलायला लागल्या. माझ्यासोबत आलेला मंग्या पुटपुटला, "वाट लागली."

मी स्केचपेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत सगळ्यांच्या स्कूटर काढल्या, वर लालभडक सूर्य. एकच स्कूटर झाडाखाली, सावलीत ठेवली.

"ती कुणाची?" सावंतकाकूंनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

"मग आमचीच. आम्ही तळमजल्यावर राहतो."

"वा, आणि माझी सीट उन्हाने फाटली ती?" देसाई उठले.

जुंपलीच मग. दोघांचे आवाज चढल्यावर मी हळूच विचारलं, "म्हणजे, झाड तोडायचंय ना?"

परब माझ्यावरच खेकसले, "आणि सेक्रेटरीच्या स्कूटरने काय उन्हात उभं राहायचं?"