दोन मशीन, एक पडदा

राजश्री : आबा, तुम्ही आधी खुर्चीवर बसा. पाणी घ्या. नवनाथ शिडी घेऊन स्टँडवर गेलेत, थोड्या वेळात फ्लेक्स खाली येईल.

कोंडिबा : त्यासाठीच आलोय पोरी. काढू नको म्हणून सांगाया.

राजश्री : काय म्हणताय?

कोंडिबा : नवऱ्याला फोन लाव. म्हणावं, ऱ्हाऊ दे दुपारपातूर.

राजश्री : आबा, त्याच्यावर तुमचा फोटो आहे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंय. खाली आमच्या दुकानाचं नाव आहे.

कोंडिबा : वाचलं मी. दूध आणाया गेल्तो. मला बघून चहावाल्याच्या हातातलं पातेलं खाली आलं. मंग त्यानंच बोट करून दाखिवलं. 'कै. कोंडिबा'. आमच्यात कालकथित लिहित्यात, आन् श्रद्धांजली न्हाई, आदरांजली. तेवढ्यावरनं तरी गावाला कळाया पायजे व्हतं.

राजश्री : चेष्टा नका करू. तुमच्या वस्तीतल्या पोरांनी पंचाहत्तरीचा फ्लेक्स सांगितला होता, किती हौसेनं फोटो आणून दिला. आणि मी हे असं करून ठेवलं.

कोंडिबा : पर झालं कसं? तू तर वेलांटीसाठी सुदिक माणसाला दोनदा फोन करतीस.

राजश्री : कसं सांगू तुम्हाला. हे बघा, टेबलाखाली दोन मशीन आहेत. जुन्यावर फ्लेक्सची जुनी अक्षरवळणं आहेत, ती नव्यावर चालत नाहीत. नव्यावर फोटोचं काम होतं, ते जुन्याला झेपत नाही. म्हणून दोन्ही ठेवलीत.

कोंडिबा : टीव्ही तर एकच दिसतोय.

राजश्री : एकच. पडदा एक, कीबोर्ड एक, माऊस एक. गाळ्यात दुसरं टेबल मावत नाही. मधे ही डबी आहे बघा, बटण असलेली. दाबलं की जुनं मशीन, परत दाबलं की नवं.

कोंडिबा : पानी सोडताना मी व्हॉल्व फिरवायचो तसं. एक आळी बंद, दुसरी चालू.

राजश्री : तसंच. फक्त इथं बंद काहीच होत नाही. जे दिसत नाही तेही आतून चालूच असतं.

कोंडिबा : आन् आपल्याला वाटतं बंद पडलं.

राजश्री : हो. आठवडा झाला ही डबी त्रास देतीय. बटण दाबलं की पडदा बदलतो, पण कीबोर्ड मागच्याच मशीनवर राहतो. म्हणजे बघायचं एका मशीनवर आणि लिहिलं जातं दुसऱ्यावर. आनंदरावांचा दहाव्याचा फ्लेक्स जुन्यावर उघडा होता, नुसतं नाव आणि फोटो, तारीख-वार काही नाही. घरच्यांनी पास केलेला, फक्त छापायला पाठवायचा राहिला होता. मी नव्यावर तुमचा वाढदिवसाचा घेतला. नाव लिहिलं, फोटोचा नंबर टाकला, फोटो दोन्ही मशीनवर सारखेच असतात, आणि एंटर मारला. पडद्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं मशीन अडकलं. बटण दाबत बसले, शेवटी तुमचा फ्लेक्स पहिल्यापासून केला. आणि जाताना आनंदरावांचा न बघता शिरूरला छापायला पाठवला. पास झालेला होता ना.

कोंडिबा : म्हंजी तू लिहिलेलं सगळं आनंदरावाच्या जागी गेलं.

राजश्री : तुम्ही गेलात आबा त्यांच्या जागी. फ्लेक्स बांधणारा पहाटे येतो, गुंडाळी सोडतो, सुतळी आवळतो आणि जातो. वाचत नाही. मी आनंदरावांच्या घरी जाऊन आले. दहाव्याच्या दिवशी त्यांच्या बायकोलाच माझी समजूत काढायची वेळ आली.

कोंडिबा : आनंदराव भला माणूस. पानी उशिरा सुटलं की मला शिव्या द्यायचा, आन् शिव्या संपल्या की ओट्यावर बसवून च्या पाजायचा. त्याच्या दहाव्याला मी मधी आलो, हे वंगाळ झालं.

राजश्री : मग काढू द्या ना तो फ्लेक्स. तुम्ही ठेवा का म्हणताय?

कोंडिबा : धम्मा निघालाय.

राजश्री : कोण धम्मा?

कोंडिबा : माजा ल्योक. धम्मदीप. दौंडला रेल्वेत हाय, गाडी चालवतो. कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढून मोबाईलवर धाडला. फिरत फिरत त्याच्यापातूर गेला. त्यानं आमच्या शेजारच्या सुषमाला फोन केला.

राजश्री : मग सुषमाताईंनी सांगितलं असेल ना, चूक झालीय म्हणून.

कोंडिबा : सांगणारच व्हती. मी तिच्या हातावर हात ठिवला.

राजश्री : आबा.

कोंडिबा : त्यो म्हणत व्हता, ताई, मी निघालो, मी आल्याबिगर आबाला हलवू नका. ती नुसती बरं म्हणाली. मीच तसं म्हणाया लावलं.

राजश्री : म्हणजे तो अजून तेच समजून येतोय?

कोंडिबा : मोटरसायकलवर हाय. पाटस सोडलं असंल आता.

राजश्री : आबा, आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला.

कोंडिबा : न्हाई.

राजश्री : गाळपाचे दिवस आहेत. पाटसपासून रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकेका ट्रॅक्टरला दोन दोन. आणि हा रडत येतोय मोटरसायकलवर. काही झालं म्हणजे?

कोंडिबा : रडत असंल व्हय?

राजश्री : नसेल का?

कोंडिबा : मला काय ठावं. त्याची आई गेली तवापासनं त्यो या गावात आला न्हाई. फोन केला तर उचलत न्हाई. नातीचं बारसं झालं ते मला दुसऱ्याकडनं कळलं.

राजश्री : एवढं काय झालं होतं?

कोंडिबा : सिंधू गेली तवा ह्यो गाडीवर. सोलापूरच्या पुढं कुठंतरी. ड्युटीवर मोबाईल बंद असतो त्यांचा. निरोप दिला, पर पोचला कवा, कुणाला म्हाईत. आभाळ भरून आलं व्हतं. चार शहाणी माणसं म्हणाली, कोंडिबा, पानी आलं तर लाकडं भिजतील, उरकून घ्या. उरकलं. त्यो आला तवा राख व्हती.

राजश्री : आणि पाऊस?

कोंडिबा : आला न्हाई.

राजश्री : म्हणून तो म्हणाला, मी आल्याशिवाय हलवू नका.

कोंडिबा : व्हय. म्हणून. सुषमाच्या फोनमधनं ऐकलं मी. पोरी, मी जिता व्हतो तवर त्याला रस्ता सापडला न्हाई. मेलो म्हणल्यावर अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. मंग मेलेला काय वाईट? येऊ दे त्याला. दारात येईल, मला बघंल. मला एवढंच पायजे, त्यानं एकदा माज्या दारात याया पायजे.

राजश्री : आणि बघितल्यावर काय वाटेल त्याला?

कोंडिबा : बाप जिता हाय म्हणल्यावर काय वाटंल? बरंच वाटंल की.

राजश्री : पहिल्यांदा वाटेल. मग कळेल की सुषमाताईंना माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि सगळ्यांनी त्याला तसंच येऊ दिलं. आबा, माझे दादा गेले तेव्हा मी शिरूरहून जीपनं आले. तो रस्ता मला आठवत नाही. जीप थांबली तेव्हा कळलं की गाव आलं. मी मागं बसले होते, मला गाडी चालवायची नव्हती. ती बातमी खोटी असती, आणि माहीत असून कुणी मला त्या रस्त्यावर तसंच ठेवलं असतं, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं पुन्हा.

कोंडिबा : तू तुजी चूक निस्तराया बघतीस.

राजश्री : हो, बघते. चूक माझीच आहे. तो रस्त्यात कुठं पडला तर ते माझ्यामुळं झालेलं असेल. मला नाही झेपणार ते. पण माझ्या हातून बटणाचा घोळ झाला आबा. तुम्ही जे करताय ते बघून करताय.

कोंडिबा : सांगितलं तर त्यो परत फिरंल.

राजश्री : फिरेल कदाचित.

कोंडिबा : कदाचित न्हाई. फिरंल. मी वळखतो त्याला, माज्यावरच गेलाय.

राजश्री : फिरला तरी नीट घरी पोचेल. लेकीकडं.

कोंडिबा : (खिशातून फोन काढतो.)

राजश्री : आबा, नंबर सांगा.

कोंडिबा : पाठ न्हाई. हे घे, माज्या फोनात हाय. पर माज्या फोनावरनं उचलायचा न्हाई त्यो.

राजश्री : मी माझ्यावरून लावते. आवाज मोठा ठेवते, तुम्हीच बोला. वाजतोय.

धम्मदीप : हॅलो. कोण, सुषमाताई का? ताई, चौफुला सोडला मी. आलोच. कुणाचं ऐकू नका, मी येईपर्यंत आबाला तसंच ठेवा. हात जोडतो तुम्हाला. मागच्या टायमाला झालं तसं नको.

कोंडिबा : धम्मा.

धम्मदीप : ऐकू येत नाही, ट्रॉली चाललीय शेजारनं. कोण बोलतंय?

कोंडिबा : आधी गाडी बाजूला घे. पार खाली घे, रस्ता सोडून. घेतली का?

धम्मदीप : घेतली. कोण?

कोंडिबा : स्टँडवर घातलीस का नीट? मी बोलतोय, आबा. मला काय झालं न्हाई. फ्लेक्स करताना घोळ झाला, आनंदरावाच्या जागी माजं नाव गेलं. मी जिता हाय धम्मा.

(पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज लांब जातो.)

धम्मदीप : आबा?

कोंडिबा : व्हय.

धम्मदीप : खरंच तुम्ही बोलताय ना?

कोंडिबा : मीच रं. दूध आणाया गेल्तो.

धम्मदीप : मी... मी माझी रेल्वेगाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून आलोय. साहेबाला सांगितलं, बाप गेला. घरी सांगितलं. पोरगी रडत होती, तिनं तर तुम्हाला बघितलंपण नाही.

कोंडिबा : मला म्हाईत हाय.

धम्मदीप : सुषमाताईला सांगितलं तेव्हा ती बरं म्हणाली. तिला माहीत नव्हतं का?

कोंडिबा : तिला बोल लावू नको. मी शेजारी हुभा व्हतो. मीच तिला गप बसवली.

धम्मदीप : तुम्ही शेजारी होता? मी रडत होतो तेव्हा?

कोंडिबा : व्हय.

धम्मदीप : का आबा?

कोंडिबा : नुसतं ये म्हणलो असतो तर तू आला असतास का? म्हणून.

धम्मदीप : तुम्हाला माहितीय, दौंडपासून इथपर्यंत मी काय म्हणत आलो? एकदा भेटू दे म्हणत आलो. नुसतं तेवढंच.

कोंडिबा : मंग ये की. अजून भेटतोय मी.

धम्मदीप : आता नाही कळत मला काय करायचं. फोन ठेवतो आबा.

कोंडिबा : ठिव. जरा बस तिथंच, पानी पी. लगेच गाडी मारू नको. ज्या बाजूला जाशील त्या बाजूला सावकाश जा. ऐकलंस का? धम्मा?

राजश्री : ठेवला त्यांनी.

कोंडिबा : काय म्हणाला त्यो शेवटी? येतो म्हणाला का?

राजश्री : काहीच म्हणाले नाहीत आबा.

कोंडिबा : परत जातो असं बी न्हाई म्हणाला.

राजश्री : नाही. तसंही नाही म्हणाले.

कोंडिबा : चौफुल्यापासनं हितं याया किती येळ लागंल? सावकाश आला तर?

राजश्री : तासभर धरा. चला, मी तुम्हाला घरी सोडते. सुषमाताईंकडं दोन घास खाऊन घ्या.

कोंडिबा : घरी नको. फ्लेक्स निघाला का बघ जरा.

राजश्री : नवनाथचा मेसेज आलाय. काढला. जागा मोकळी आहे.

कोंडिबा : मंग मला तिथं स्टँडवर सोड. आला तर तिथनंच येईल त्यो. त्याची नजर आधी त्या जागंवर जाणार, तिथं मी हुभा ऱ्हातो.

राजश्री : उन्हात? आणि नाहीच आले तर?

कोंडिबा : आज बाजार हाय. न्हाई आला तर लोकास्नी तरी दिसंन मी.