रंगूआक्काची फळाची पेटी

...नाही, चुकलो ना मी? चुकलो! कबूल! पण शिक्षा किती दिवस भोगायची? तुम्हाला सांगतो, पोरीच्या लग्नपत्रिकेत बेचाळीस नावं छापली, त्रेचाळिसावं राहिलं, आणि राहिलं कुणाचं, तर माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, रंगूआक्काचं! तुम्ही म्हणाल, शिवराम, सख्खी बहीण विसरलास? अहो, विसरीन कसा, बाकीची बेचाळीस नावं गावाकडनं फोनवर तीच तर सांगत होती! 'हां, आता ज्योतिबा चुलता. खाली लिवू नगंस, वर लिव, मान हाय त्याचा.' ती सांगतेय, मी लिहितोय... आता ती स्वतःचं नाव स्वतः कशाला सांगेल? आणि मला ते सुचावं कसं?

पण मला सुचायला पाहिजे होतं! कारण ग्रीक लोकांनी हे आधीच लिहून ठेवलंय!

हसू नका. महाप्याच्या कंपनीत बावीस वर्षं शिफ्ट सुपरवायझर आहे मी, पण त्या झ्यूसची अख्खी भावकी मला तोंडपाठ आहे. आमच्या मंजुषाला चौथीत बक्षीस मिळालं होतं, ग्रीक देवांच्या गोष्टींचं पुस्तक. मी ड्युटीवरनं येऊन जेवायला बसायचो आणि ही एवढीशी पोर समोर बसून वाचून दाखवायची. तेव्हापासनं वेड लागलं ते लागलंच. अहो, देव कसले ते? हा त्याच्यावर जळतोय, ती सवतीचा छळ करतेय, आणि वर झ्यूस म्हणजे थेट आमच्या सोसायटीचा चेअरमन, गडगडाट मोठा, पण स्वतःच्या घरात बायकोपुढं चिडीचूप! आपल्या देवांना बघून हात जोडावेसे वाटतात. ह्यांना बघून म्हणावंसं वाटतं, 'या, बसा... आज काय झालं घरी?'

तर त्यांच्यात एक लग्न होतं. सगळ्या देवांना आमंत्रण, फक्त एरिसला नाही. एरिस म्हणजे भांडणाची देवी. ती आली ती आलीच, आणि भर मांडवात तिनं सोन्याचं सफरचंद टाकलं, वर लिहिलेलं, 'सगळ्यात देखणीला'. झालं! तीन देव्या उठल्या. 'माझं!' 'तुझं कसलं, माझं!' एका फळापायी दहा वर्षं लढाई हो! आणि मला तर वाटतं, त्या लग्नाची यादीसुद्धा एरिसनंच सांगितली असणार.

आणि इकडे आक्काचा फोन. 'शिवा, समद्या भावकीची नावं मी सांगितली, अन् माझंच न्हाई व्हय रं? असूं दे. मी येणार. पण मोकळ्या हातानं न्हाई येणार, फळाची पेटी घिऊन येते.'

फळाची! आणि मांडवात भांडण तर मला परवडणारंच नव्हतं!

कारण माझं एक नाजूक काम अडकलेलं. मंजूचं सासर बोनकोड्याचं, आम्ही कोपरखैरण्यात, चालत बारा मिनिटं. तरी जीव तुटत होता हो, एकुलती एक पोर! तिचं काम लॅपटॉपवरचं, म्हणून मी व्याह्यांना, गोटीरामना, हळूच विचारलं, सोमवार ते बुधवार आमच्या घरून करू दे का काम? ते म्हणाले, 'व्याही, टेन्शन नको घ्या, पोर दोगांची हाय. पन लगीन होऊ द्या, मंग घरान इचारून सांगतो.' म्हणजे लटकलंच ना? त्यात आक्कानं मांडवात फळ टाकलं, विहिणी उठल्या, तर कुठला सोमवार आणि कुठला बुधवार?

आमच्या उज्वलानं तोड काढली. 'अहो, त्यांना काहीतरी मोठा मान द्या. पाठराखीण म्हणून पाठवा मंजूबरोबर सासरी.' वा! बायको असावी तर अशी! आक्का खूश. लग्नाच्या दिवशी पेटी आली, मी धावत जाऊन झाकण उघडलं... आणि आत काय? डाळिंबं! फलटणची, लालबुंद! सफरचंद नाही! सुटलो! मी तर नाचलो हो वरातीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूचा व्हिडिओ कॉल. मागं सगळं सासर, मध्ये आक्का, आणि आक्का पोरीला भरवतेय... डाळिंब! आणि मला आठवलं. अहो, पर्सेफनी! पाताळाच्या राजानं नेलेली पोर! आई रानोमाळ रडत फिरली, पिकं करपली, शेवटी पोर सुटणार, तर कळलं की तिनं तिथं डाळिंबाचे सहा दाणे खाल्लेत. आणि तिथलं खाल्लं की तिथलंच व्हायचं, म्हणून वर्षातले सहा महिने तिथंच राहायचं! हेही ग्रीक लोकांनी आधीच लिहून ठेवलंय! मी ओरडलो, 'मंजूऽऽ, खाऊ नको! थुंक!' तिकडे विहीणबाईंच्या हातातला चहा सांडला. गोटीराम म्हणाले, 'व्याह्यांना काय झाला?'

मंजू मात्र हसली. तिनंच वाचून दाखवलेली ना ती गोष्ट! हात कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, 'पप्पा, सहाच खाल्लेत. मोजून. अर्धं वर्ष तुमचं.' मग तिनं सगळ्यांना ती गोष्ट सांगितली, विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि सोमवार ते बुधवार जागच्या जागी पास! मी रडलो हो. लाज कसली त्यात, ढसाढसा रडलो.

सोमवारी पोर घरी आली. मागनं बॅग घेऊन कोण? पाठराखीण! 'पोरीसंगं गेले, पोरीसंगं आले.' बरोबर आहे. बुधवारी संध्याकाळी पोर गेली. आक्का? गॅलरीत माझ्या खुर्चीवर बसून डाळिंब सोलतेय! आज तिसरा महिना, तुम्हाला सांगतो! परवा धीर करून विचारलं, आक्का, गावाकडं बाग एकटी पडली असेल गं...

आक्का म्हणाली, 'मला पत्रिकेत बोलीवलंच न्हाई, तर जा म्हणून कसं सांगशील रं?'

ह्याच्यावर तोड शोधायला थेट कपाट उघडलं! सगळी पुस्तकं पालथी घातली हो मी. हे मात्र ग्रीक लोकांनी कुठंच लिहून ठेवलेलं नाही!