तौनोचा खडक

— नको ना आर्वो काका, लगेच नका होडी पालथी करू! म्हणजे करायचीच आहे, त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला, तळं आज-उद्या गोठेल — पण आधी कॉफी घ्या, थर्मास भरून आणलाय. बाबा? छे, बाबा नाही यायचे. जुलैत होडी बुडाली, ओढून इथे आणून ठेवली, त्यानंतर काठाकडे फिरकले नाहीत. 'चाळीस वर्षं याच पाण्यात जाळी टाकली, लेम्पी, आणि एक खडक दिसला नाही मला' — एवढंच म्हणतात आणि खिडकीकडे पाठ करून बसतात. जाळी वाटून टाकली. होडी वसंतात हेलसिंकीची माणसं नेणार — कशाला माहितीये? अंगणात ठेवून, माती भरून, फुलं लावायला! — कोण ते? हां, कावळा. दचकलेच मी.

बरं, तळाचं बूच काढते. ते आधी. गेल्या वर्षीही आधी तेच केलं होतं — म्हणजे, तसं सांगितलं होतं मी बाबांना. फोनवर. ते कंबरेच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात, इथे मी एकटी, आणि तांपेरेची बस सुटत होती — दुसऱ्या दिवशी परीक्षा होती हो! ताडपत्री टाकली, दोरी आवळली, पळाले. 'बूच काढलंस?' हो बाबा. 'पालथी केलीस?' हो बाबा. शेजारच्यांनी हात लावला, असंही सांगितलं मी. कुठल्या शेजारच्यांनी? तुम्ही तर तेव्हा मुलीकडे गेला होतात.

असं बघू नका ना. आयुष्यभर होड्या बांधल्यात तुम्ही, पालथी केली की तुम्हाला कळणारच — खडकानं फुटलेली फळी आत दबते, ही बाहेर फुगलीय. पावसाचं पाणी साचलं, गोठलं, फुगलं. एप्रिलच्या शेवटी आले तेव्हा करंगळी जाईल एवढी फट होती. मी ती लांबीनं बुजवली, वर डांबर फासलं — छान दिसत होतं, बाबा म्हणालेसुद्धा, हात बसला गं तुझा. आणि मी? मी थँक्यू म्हणाले.

बोलणारच होते. पण त्या दिवशी बाबा पोहत काठाजवळ आले, कंबरभर पाण्यातून लव्हाळ्यातून कसेबसे बाहेर पडले, दात वाजत होते, आणि स्वतःच म्हणाले, खडक असणार. मी नुसती मान डोलावली. मग घरात बसण्याआधी त्यांनी एवढं केलं, तिथे खांब रोवला, लाल चिंधी बांधून — दुसऱ्या कुणाची होडी फुटू नये म्हणून! परवा तुम्हीसुद्धा वळसा घातलात, मी पुलावरून बघत होते. गावभर बाबांच्या नावानं 'तौनोचा खडक' म्हणतात. हसताय? हसा. आठ हात पाणी आहे तिथे, खाली नुसता गाळ.

खरं सांगू? तुम्हाला बोलावलं ते होडी पालथी करायला नाही. ती काय, कोणीही केली असती. वाटलं, तुम्ही फळी बघाल, आणि तुम्हीच त्यांना — नाही म्हणताय. मान हलवताय. हो, कळलं.

काका. पायऱ्यांवर — ते बाबाच ना? होडी शेवटची पालथी करताना बघायची असेल. आई गं. तुम्ही जा. कप राहू दे, जा ना काका, प्लीज!

बाबा, सावकाश, निसरडं आहे. इकडे या. नाही, बसू नका. हातमोजा काढा आणि हात द्या इकडे — इथे, खालून, फळीवर. आता सांगा, कुठल्या बाजूनं फुटलीय?